तुपाचा वाढपी

सरांचा मला राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोडगोड लिहायची आपल्याकडे रीत आहे, आणि मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे मला ते जमतंही. सर गेले ते नांदुऱ्यातच, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर. पण त्यांच्याबद्दल गोड लिहायला बसले तर ते जिथं असतील तिथून नाक वर करून म्हणतील, "बाई, हे वनस्पती तूप हाये. असली आणा." तेव्हा असली तेच सांगते.

आम्ही एकाच कनिष्ठ महाविद्यालयात नोकरीला होतो. ते जीवशास्त्र शिकवायचे, मी मराठी. शिवाय त्यांच्याच घराची माडी मी भाड्यानं घेतली होती, म्हणजे दिवसा कॉलेजात सर आणि संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी पुन्हा सरच. मी चिखलीची. नवऱ्याची नोकरी अकोल्याला, त्यामुळे आमचा संसार शनिवार-रविवारचा. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, माझं सामान उतरत असतानाच म्हणाल्या होत्या, "भाड्याचं पाहू मंग, माय. एक सांगतो, यायच्यासमोर तेला-तुपाचं नाव काढू नको. जेवणं थंड होते."

मी नाव काढलं नाही, नुसती फोडणी दिली. ती खाली पोचली आणि सर जिना चढून दारात उभे. हातात चष्मा, नाक पुढे.

"बाई, तेल खवट झालं."

"सर, परवाच आणलंय."

"तुम्ही परवा आणलं. दुकानदारानं पिंप कधी उघडलं ते त्याले विचारलं का?"

मी म्हटलं, माझ्या घरात मी कोणतं तेल खाते हा माझा प्रश्न आहे. सर अजिबात चिडले नाहीत. ते कधीच चिडायचे नाहीत आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. शांतपणे म्हणाले, "खा ना. मी कुठं नाही म्हणतो. फक्त एवढं ध्यानात ठेवा, तेलाले हवा लागली की ते खवटते. अन् आपल्या डोक्यात तेलही लय हाये अन् हवाही लय खेळते. तिथं खवटलं तर फेकून नवीन आणता येत नाही." एवढं बोलून खाली गेले. तोवर माझी भाजी करपली. तेल मी दुसऱ्या दिवशी फेकून दिलं, पण ते त्यांना कळू दिलं नाही.

सरांच्या खिशात कायम भाजलेल्या जवसाची पुडी. स्टाफरूममध्ये कोणी तंबाखूची डबी काढली की हे आपली पुडी काढायचे आणि समोरच्याच्या तळहातावर चिमूटभर जवस ठेवायचे, खा म्हणायचेसुद्धा नाहीत. शिक्षणाधिकारी तपासणीला आले होते, त्यांच्याही हातावर ठेवले. त्या बिचाऱ्यांना वाटलं प्रसाद आहे. त्यांनी कपाळाला लावून खाल्ले.

दुसरं म्हणजे त्यांचा एक शब्द होता, "पोचलं का?" तास संपवताना इतर शिक्षक विचारतात, समजलं का. सर विचारायचे, पोचलं का. पोस्टमनला, एसटीच्या कंडक्टरला, फोनवर पुण्याच्या मुलाला, सगळ्यांना तेच. एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, मराठीत आणखीही क्रियापदं आहेत." ते म्हणाले, "असतीन. मले हे एकच कामाचं वाटते. वस्तू किती हाये हे कोणीही सांगते. पोचते का, ते कोणी पाहत नाही."

बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की गावातल्या आया त्यांच्याकडे यायच्या. पोराला सकाळी तूप किती द्यायचं, बदाम किती द्यायचे, म्हणजे डोकं चालेल. जीवशास्त्राचा मास्तर, तेला-तुपावर बोलतो, म्हणजे याला माहीत असणार, असा त्यांचा हिशेब. सर त्यांना ओट्यावर बसवायचे, पाणी द्यायचे आणि मग सरळ सांगायचे, "पोटात टाकलेलं तूप मेंदूत जात नाही, माय. मेंदू लय मानी हाये. पाणी काढून टाकलं तर निम्म्याच्या वर चरबीच भरन त्याच्यात, पण त्यातलं मोठं काम, ते कोलेस्टेरॉल, तो घरीच कढवते. रक्तातलं बाहेरचं दारातून आत घेत नाही. पोराले झोपू द्या, खेळू द्या, जमलं तर जवसाची चटणी द्या. त्यातलं थोडं दार ओलांडते." आयांची तोंडं उतरायची. तुपाची वाटी झोपेपेक्षा सोपी असते. त्या घरी जाऊन वाटीच द्यायच्या, हे सरांनाही माहीत होतं. तरी पुढच्या वर्षी तेच, तितक्याच उत्साहानं.

मला हे सगळं कळायला लागलं ते एका भांडणामुळे. माझा तास चालू होता आणि शेजारच्या प्रयोगशाळेतून असा काही कालवा की मला माझाच आवाज ऐकू येईना. मी तावातावानं गेले. पाहते तर प्रयोगशाळेच्या फरशीवर पोरं-पोरी मांडी घालून ओळीनं बसलेली, प्रत्येकासमोर वर्तमानपत्राचा तुकडा. बेसिनपाशी एक मुलगी उभी. एक उंच पोरगा काचेच्या चंचुपात्रात पाणी घेऊन ओळीतून चाललेला. वरण-बट्टीची पंगत बसलेली आहे, हे आमच्या भागात कोणालाही सांगावं लागणार नाही.

"या बाई," सर म्हणाले, "बसा पंगतीले."

"सर, माझा तास आहे."

"हेही तासच हाये. हे पोट्टे बसले ना, ह्या मज्जापेशी. ह्या जागेवरून उठत नाहीत. भूक लागली तरी उठत नाहीत, मोठ्या घरच्या. ते बेसिनपाशी उभी हाये ते स्वयंपाकीण, तिले तारकापेशी म्हणते. मेंदूतलं तूप ते कढवते. आता तूप तयार हाये, पंगत बसेल हाये, तर मधात काय पाहिजे?"

"वाढपी," पोरं ओरडली.

"हाव. वाढपी. एक प्रथिन हाये, त्याचं कामच ते. स्वयंपाकिणीकडून चरबी घ्यायची अन् एकेका पानावर नेऊन टाकायची. आता पाहा हं." त्यांनी त्या उंच पोराला डोळ्यानं खूण केली. पोरगा दोन पानांवर पाणी ओतून तिथंच रेंगाळला, परत बेसिनकडे गेला, परत त्याच दोघांना वाढलं. मागची पोरं बोंबलायला लागली. हाच तो कालवा.

"हा ढिला वाढपी. आता सांगा, तूप कुठं राह्यलं?"

"बेसिनपाशी."

"राह्यलं म्हणजे सांडलं. चुलीजवळ तूपच तूप, पाय घसरते, स्वयंपाकीणही बेजार. अन् पंगत उपाशी. काही काही म्हाताऱ्या माणसायच्या मेंदूत हेच होते बे. कारणं आणखी लय हायेत, सगळंच काही तुपावर नाही, पण हे एक हाये. घरात तुपाची कमी नाही. पोचत नाही." मग सगळ्या वर्गाकडे पाहून, "पोचलं का?"

पोचलं, असं सगळे ओरडले. मी भांडायला आले होते हे विसरून मीही मान हलवली. नंतर स्वतःचाच राग आला.

त्या दुपारी स्टाफरूममध्ये मी त्यांना विचारलं की हे मेंदूचं खूळ तुमच्या डोक्यात कुठून शिरलं. सरांनी आधी माझ्या हातावर जवस ठेवले. मग म्हणाले, "माय. वडनेरले असताना तिले विसर पडत गेला. आधी मीठ दोनदा टाके, मंग गल्ली चुके, मंग माणसं. शेवटी शेवटी मले साहेब म्हणे. म्हणे, साहेब, माह्या लेकाले सांगा, मी वाट पाहून राह्यली. मी म्हणलं, सांगतो." एवढं त्यांनी अगदी तास घेतल्यासारखं सांगितलं. पुढे म्हणाले, "वाढपी प्रत्येकाले दोन मिळते. एक बापाकडून, एक मायकडून. मायचा वाढपी ढिला असन, तर त्यातला एक माह्याकडे आला असन. नसनही."

मी म्हटलं, मग तपासून घ्या.

"घेऊन काय करू? वाढपी बदलून भेटते का? अन् एक सांगू का बाई, ढिल्या वाढप्याची पंगतही जेवते. फक्त कोणीतरी हाक मारत राहावं लागते, इकडे वाढ म्हणून. मी रोज स्टेशनपर्यंत पायी जातो, टायमावर झोपतो, बीपीची गोळी चुकवत नाही. त्या हाकाच हायेत."

मला त्यांच्या या ठामपणाचं तेव्हा हसू आलं होतं आणि थोडा हेवाही वाटला होता. स्वतःच्या डोक्याबद्दल इतकं निवांत बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता.

वडनेर भोलजी हे त्यांचं मूळ गाव. तिथं हनुमान जयंतीला भंडारा असतो. वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि वरून तूप. लहानपणापासून तूप वाढायचं काम सरांकडे. नोकरीला लागले, पोरगा पुण्याला इंजिनिअर झाला, निवृत्त झाले, तरी त्या दिवशी धोतराचा काचा मारून, पितळी गंज एका हातात आणि पळी दुसऱ्या हातात घेऊन सर पंगतीत उभे. प्रत्येक पानाला एक पळी. सरपंच असो की गावातला भणंग, एकच. आणि त्यांनीच घालून दिलेला एक नियम होता. शेवटच्या पानावर तूप पडलं की त्या पानावरच्या माणसानं मोठ्यानं म्हणायचं, "पोचलं." तोवर कोणी घास मोडायचा नाही. बट्टी चुरून, मधे आळं करून सगळी पंगत हात आवरून बसायची. बाहेरगावचा पाहुणा चुकून आधी जेवायला लागला तर शेजारचा त्याचा हात धरायचा.

पुरुषांची एक ओळ आणि समोर बायकांची एक. बायकांच्या ओळीचं शेवटचं पान काकूंचं. ते त्यांचं ठरलेलंच होतं. मी एकदा विचारलं की तुम्ही नेहमी शेवटी का बसता. त्या म्हणाल्या, "आपला माणूस वाढून राह्यला, तर आपण समोर बसून लोकायच्या आधी कसं घ्यायचं?" म्हणजे ते "पोचलं" म्हणायचं काम बहुतेक वर्षी काकूंचंच असायचं. मीही दर वर्षी त्यांच्याबरोबर जायला लागले. सर मराठीच्या बाईला घेऊन येतात म्हणून गावात मला मान होता.

एका वर्षी सरांनी त्या भर पंगतीत धडा दिला. प्रयोगशाळेतला तोच. मुद्दाम पहिल्या चार-पाच जणांना दोनदा तूप वाढलं, आणि बाकीचे कुरकुरायला लागले तेव्हा गंज खाली ठेवून मेंदूवर भाषण ठोकलं. बट्ट्या थंड होत होत्या पण लोकांना मजा आली. नंतर कित्येक दिवस वडनेरात कोणी काही विसरलं की म्हणायचे, याचा वाढपी ढिला झाला बे.

म्हणूनच पुढे जे झालं ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

सर निवृत्त होऊन बराच काळ झाला होता. त्या वर्षीच्या पंगतीत ते पुरुषांच्या ओळीतून शेवटपर्यंत गेले आणि वळून बायकांकडे यायच्या ऐवजी पुन्हा पहिल्या पानापाशी आले. पहिल्या पानावर आबा बसायचे, गावातले सगळ्यांत वडीलधारे. सरांनी आबांना पुन्हा एक पळी वाढली. आबा हसले. पुढचाही हसला. सगळी ओळ हसायला लागली, कोणी टाळ्या वाजवल्या, "सरायनं धडा काढला" म्हणून पोरं पुढे सरकून बसली. सर दुसऱ्यांदा ती ओळ संपवून थांबले. गंज रिकामा झाला होता. ते वाट पाहणाऱ्या लोकांकडे पाहत उभे राहिले आणि लोक भाषणाची वाट पाहत राहिले. भाषण आलं नाही. कोणीतरी आतून दुसरं तूप आणायला धावलं, पण ते संपलं होतं. शेवटी आबाच म्हणाले, "पोचलं म्हणा अन् सुरू करा." पंगत जेवली. बायकांच्या ओळीनं वरणावरच बट्टी खाल्ली. काकूंनी बट्टी चुरली होती, तिला हात लावला नाही.

परतीच्या एसटीत सर खिडकीपाशी, काकू मधे, मी कडेला. हायवेला लागल्यावर सरांनी विचारलं, "लोक काऊन हसले?"

काकू म्हणाल्या, "तुम्ही धडा दिला म्हणून."

"मी धडा नाही दिला."

काकू बाहेर बघत होत्या. मग त्या सरांकडे वळल्या आणि अगदी हळू, पण सरळ म्हणाल्या, "माह्या पानावर तूप नाही पडलं." नांदुऱ्याच्या स्टँडवर उतरल्यावर सरांनी खिशातली पुडी काढली, थोडे जवस काकूंच्या हातावर ठेवले आणि थोडे माझ्या.

अकोल्याच्या डॉक्टरकडे ते स्वतःच गेले. परत आल्यावर मी चहा घेऊन खाली गेले तर ओट्यावर बसून एखाद्या कच्च्या विद्यार्थ्याबद्दल सांगावं तसं सांगत होते. "वजाबाक्या जमल्या. वार बरोबर सांगितला. मंग म्हणे घड्याळ काढा. काढलं. आकडे टाकले. काटे टाकायचे राह्यले." डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, रक्त तपासलं, विसराच्या आजाराची सुरुवात आहे म्हणाले. "माहा अंदाज बरोबर निघाला," सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मास्तराचं समाधान होतं. मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "सर, प्रत्येक वेळी बरोबर असलंच पाहिजे का?"

बातमी फुटायला वेळ लागला नाही. कोणी खोबरेल तेलाची बाटली आणून दिली, कोणी मोबाइलवर आलेला काढा वाचून दाखवला. पुण्याहून मुलगा माशाच्या तेलाच्या गोळ्या घेऊन आला, आणि माळकरी घरात त्या कुठं ठेवायच्या यावर दोन दिवस खल झाला. सरांनी त्या सगळ्यांना पाणी दिलं आणि सगळ्यांना तेच सांगितलं. "तुपाची कमी नाही, राजेहो."

मुलाचा मात्र निश्चय झाला होता. दोघांना पुण्याला न्यायचं. तिथं मोठे दवाखाने, फ्लॅटला लिफ्ट, दारावर माणूस. मुलगा वाईट नव्हता, घाबरला होता. काकू नाही म्हणाल्या. "इथं हे वाट चुकले तर कोणीही हात धरून घरी आणून सोडते. स्टेशनवरचा चहावालाही आणून सोडते. तिथं कोण आणीन? दारावरचा माणूस यायले आतच बसवीन." बाप-लेकाचं, माय-लेकाचं बोलणं आठवडाभर चाललं. भंडारा तोंडावर आला होता. मुलगा म्हणाला, निदान आता वाढायला तरी नेऊ नका, लोक हसतील. सर म्हणाले, "हसून झाले. आता काय नवीन हसतीन?" शेवटी मुलगा म्हणाला, ठीक आहे, मी बरोबर येतो. पंगत नीट पार पडली तर राहा इथं. नाही तर पुढच्या आठवड्यात पुणे.

काकूंनी ते मान्य केलं. सरांनीही केलं, त्यांना तर शंकाच नव्हती. धास्ती बसली ती मला. गावातली माणसं प्रेमळ, आणि त्या प्रेमापोटीच ती सरांना मागच्या वर्षीसारखी दोनदा वाढू देणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आता तर सगळ्यांना आजार माहीत होता. सरांच्या तोंडावर कोण बोलणार.

भंडाऱ्याच्या आदल्या संध्याकाळी सरांनी मला खाली बोलावलं. "बाई, तुम्ही भांडखोर आहात," ते म्हणाले.

"मग?"

"म्हणून तुम्हाले सांगतो. गाववाले लाजते. माह्याकडून दोनदा घेतीन, वरून हसतीन अन् घरी जाऊन हळहळतीन. माह्यावर दया करायची नाही. ज्याच्या पानावर तूप हाये त्यानं हात आडवा धरायचा. बस. मी समोर सरकतो. हात दिसला की सरकायचं, हे इतक्या वर्षांचं हातात हाये, ते डोक्यात नाही." मग चष्मा पुसत, "माह्यावर दया केली तर शेवटचं पान कोरडं राहते. पोचलं का?"

पोचलं, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वडनेरात ऊन असं की मांडवाखालीही चटके. दोन ओळी बसल्या. मी बायकांच्या ओळीत अगदी पहिल्या पानावर बसले, आबांच्या बरोबर समोर. काकू नेहमीप्रमाणे शेवटी. मुलगा चुलाण्यापाशी हाताची घडी घालून उभा. सर काचा मारून, गंज घेऊन आले. आम्ही बट्ट्या चुरून आळी करून बसलो.

आबांपासून सुरुवात झाली. एक पळी, एक पळी, हात स्थिर. त्यांचा वाढायचा डौल तोच होता. पुरुषांची ओळ संपली. सर वळले. आणि पुन्हा आबांसमोर येऊन उभे राहिले.

आबांच्या पानावर तूप तसंच चकाकत होतं. आबांनी वर पाहिलं आणि हसले, हात मांडीवरच ठेवला. पळी गंजात बुडाली. शेजारचा खाली मान घालून बसला. चुलाण्यापाशी मुलानं डोळे मिटून घेतलेले मला दिसले.

"आबा," मी ओरडले, "हात आडवा धरा."

अख्खी पंगत माझ्याकडे बघायला लागली. बाईमाणसानं भर पंगतीत आबांवर आवाज चढवला होता. आबांनाही ते लागलं असणार, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि आपला सुरकुतलेला हात पानावर आडवा धरला. सर त्या हाताकडे पाहत राहिले. पळी परत गंजात गेली आणि ते पुढे सरकले. दुसऱ्यानं हात धरला. तिसऱ्यानं. मग पुढच्यांना कोणी सांगावं लागलं नाही. सर यायच्या आधीच हात आडवे होत गेले, शेवटपर्यंत. ओळीच्या टोकाला कोणाच्याही पानावर जागा नाही असं पाहून सर थांबले, समोरच्या ओळीकडे त्यांचं लक्ष गेलं, आणि ते सरळ माझ्याकडे आले.

"तुमच्याकडे नाही पडलं, बाई."

"नाही, सर."

एक पळी. पुढे. एक पळी. पुढे. ज्यांना मिळालं त्यांनी लगेच हात आडवे धरले, न जाणो. मीही धरला. सर ओळ संपवत काकूंपाशी पोचले. काकूंच्या आळ्यात एक पळी पडली. मुलानं सुस्कारा सोडला. आता "पोचलं" म्हणायचं आणि संपलं.

पण पळी पुन्हा गंजात गेली. सर तिथंच उभे. काकूंनी घाईघाईनं हात आडवा धरला. सगळे पाहत होते. सर सरकले नाहीत. मी तोंड उघडलं, पुन्हा ओरडायच्या बेतात होते.

"हात काढ," सर म्हणाले. "हे मागच्या वर्षीचं. राह्यलं होतं."

काकूंनी हात काढला. सरांनी दुसरी पळी वाढली, गंज खाली ठेवला आणि पंगतीकडे वळून नेहमीच्या आवाजात विचारलं, "पोचलं का?"

सगळी पंगत हात आवरून बसून राहिली.

"पोचलं," काकू म्हणाल्या.